गल्लीकडे सरकणारी कुरकुर

८ जानेवारी

खारूताई,

आशीर्वाद तुला, आणि उरलेले तुझ्या हादरे टिपणाऱ्या यंत्राला. ते अंगणातल्या खड्ड्यात झाकण ओढून सुखात आहे.

तुमच्या ऑफिसने आठवड्याच्या अहवालासाठी छापील फॉर्म दिलाय. ‘आवाजाचा प्रकार’, पुढे चौकट. ‘कालावधी’, पुढे चौकट. आमची गल्ली काही त्या चौकटींत मावत नाही. म्हणून मी आपलं पत्रच लिहिणार, तू त्यातून हवं ते वेचून घे. फोनचं म्हणशील, तर फोनवर तू ‘हं, हं’ करतेस आणि मागे तुझी बोटं की-बोर्डवर चाललेली मला ऐकू येतात. तीस वर्षं पंप आणि मोटारी दुरुस्त केल्या, त्यातल्या निम्म्यांचं दुखणं मी दारातूनच आवाजावरून सांगितलं. तेव्हा माझ्याशी बोलताना दुसरं काम करायचं नाही.

तर आठवडा असा. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला पाण्याचा टँकर गल्लीत उलटा शिरला. बुधवारी शेजारच्या शिंपीणबाईंनी दुकान मोठं करायला मधली भिंत पाडून घेतली, दुपारभर घणाचे घाव चालले होते. तुझ्या कागदावर त्या दिवशी भूकंप दिसला असेल तर तो शिंपीणबाईंचा. बाकी सगळं शांत.

यंत्र बसवायला सगळ्यांत जास्त विरोध त्यांचाच होता, आठवतंय ना? ‘आमच्या पायाखाली वायू कोंबणार, आणि त्याची राखणही आमच्याकडूनच करून घेणार,’ असं भर बैठकीत म्हणाल्या होत्या. तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, टेकडीकडचा कारखाना जमिनीखालची गरम वाफ काढतो, तिच्याबरोबर जो कार्बन वायू वर येतो तो पाण्यात विरघळवतात, सोडावॉटरसारखा, आणि टेकडीजवळच्या विहिरीतून दोन किलोमीटर खाली परत सोडतात. खाली खडकात मुरून त्याचा दगड होतो. वायू परत घातल्याशिवाय वाफ काढायची नाही, अशी कारखान्याला अटच आहे, आणि वाफ नाही तर आपल्या नळांना गरम पाणी नाही. खाली काही बिनसलंच तर माझ्या भाचीला सगळ्यांत आधी ऐकू येईल. गल्ली माझ्या शब्दावर गप्प बसली. तेव्हा नीट ऐकत राहा, बाई.

लाकूड सुकवायच्या खोलीचं काम पुढच्या आठवड्यात संपेल. कारखान्याकडे परत जाणाऱ्या गरम पाण्याचा पाइप भिंतीतून फिरवून घेतलाय. समोरचा सुतार आत्तापासूनच फळ्या मोजत दाराशी बसलाय. मामी म्हणते, जन्मभर दुसऱ्यांच्या मोटारी चालू केल्यात, आता स्वतःचं काहीतरी चालू होतंय.

ती विचारते, वेळेवर जेवतेस का? मी विचारत नाही. तू खोटं सांगशील आणि मला ते कागदावरही ऐकू येईल.

मामा

२० जानेवारी

मामा,

नमस्कार तुला, मामीला त्याहून मोठा. मी जेवते. खरंच. कान लावून बघ.

तुझं पत्र ऑफिसभर फिरलं. आमच्या विभागाच्या साहेबांनी ‘शिंपीणबाईंचा भूकंप’ ही नोंद वहीत तशीच ठेवायला सांगितलीय.

टेकडीभोवती आमची पाच यंत्रं आहेत. चार रानात, आणि वस्तीच्या बाजूला एकटं तुझं. म्हणजे त्या बाजूचा साक्षीदार तू एकटाच. पाणी खाली शिरताना खडकातल्या जुन्या भेगा केसभर सरकतात आणि खडक कुरकुरतो. दिवसाला दहा-बारा वेळा, तुला कळणारही नाही इतकं हळू. ही कुरकुर विहिरीपाशीच राहिली तर सगळं ठीक आहे. ती कुठे होते ते पाहणं एवढंच माझं काम.

तुझ्या खोलीचं वाचून छान वाटलं. फक्त आठवण करून देते, की यंत्राच्या दहा पावलांत काही बांधायचं नाही, आणि यंत्राशेजारच्या काठीवर जी पांढरी अळंबीसारखी टोपी बसवलीय तिच्यावर उघडं आकाश हवं. तू तशी सही करून दिलीयस. का, ते भेटीत सांगेन, त्या दिवशी घाईत राहून गेलं.

इकडे माझं डोकं आता शांत आहे. सुरुवातीला ही पाचही यंत्रं दर तासाला तक्रारी पाठवायची. ऊन झालं, बॅटरी दमली, अमुक सापडत नाही. एका सुनेला पाच सासवा. मी त्यांच्या तक्रारींना एक वेगळा कप्पा करून दिलाय. बोला म्हटलं तिथेच काय ते.

तुझी खारू

३ फेब्रुवारी

खारूताई,

तू म्हणतेस मला कळणार नाही. मला कळलं.

गुरुवारी सकाळी अकराला मी एका पंपाचं बेअरिंग कानाशी फिरवत बसलो होतो. आधी टक, मग धप्प. दोन्हींच्या मध्ये ‘अरे’ म्हणण्याइतकी जागा. टेबलावरचे पाने किणकिणले, स्वयंपाकघरात मामीचे डाव एकमेकांवर आपटले. लोक दारात आले. शिंपीणबाई गळ्यातल्या टेपसकट धावत आल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच खालून ठोकलं. मी म्हटलं, टेकडीकडचं आहे, लांबचं आहे, काळजी नको. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सांगताय म्हणून.’ हे वाक्य मला जरा जडच वाटलं.

खोली सुरू झाली. पहिल्या फळ्या आत रचल्यात. सुतार दिवसातून तीनदा येऊन त्यांना हात लावून जातो, आजाऱ्याचा ताप बघावा तसा. आतली ऊब इतकी छान आहे, की मामी भाजी निवडायला तिथेच बसते.

तुझ्या यंत्राला कुणी बोटही लावलेलं नाही.

मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

तुझा गुरुवारचा धक्का आमच्याकडे नीट नोंदला गेलाय. छोटाच होता.

या वेळी मला थोडी जास्त माहिती हवीय. घराची दारं-खिडक्या नीट बसतात ना? भिंतीला कुठे नवी चीर? नळाचं पाणी कधी गढूळ आलं का? धक्के आणखी जाणवले का? आणि अंगणात, घरात काही बदल झालाय का, अगदी लहानसा असला तरी?

घाबरायचं काही नाही. नेहमीचेच प्रश्न आहेत.

खारू

२२ फेब्रुवारी

खारूताई,

तुझ्या प्रश्नांचा सूर माझ्या ओळखीचा आहे. मामीला माझ्या खिशातला कागद सापडलेला असतो आणि ती विचारते, ‘बाहेर काही खाल्लंत का?’ अगदी तोच.

दारं बसतात. खिडक्या बसतात. चीर आहे, पण ती तुझ्या आईच्या लग्नाच्या आधीची. पाणी स्वच्छ. धक्का त्यानंतर जाणवला नाही. अंगण अंगणासारखंच आहे. तुम्हाला नोंदी रोजच्या रोज मिळतायत ना? मग यंत्र ठणठणीत आहे असंच धरायचं. मशीन चालू असेल तर त्याला उघडून बघू नये, हा माझा धंद्यातला पहिला धडा.

बाकी इथे हवा छान आहे. सुताराच्या फळ्या सरळ राहिल्या, एकही वाकली नाही. आता त्याचा भाऊही फळ्या आणणार म्हणतो.

मामा

ता. क. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून या चार ओळी माझ्या. तुझ्या मामांना काहीतरी सांगायचंय. तुझे प्रश्न वाचून ते दोनदा उठून अंगणात जाऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, पाय मोकळे केले. या माणसाने जन्मात कधी पाय मोकळे केलेले नाहीत. तूच काढून घे त्यांच्याकडून. मामी.

२८ फेब्रुवारी

मामा,

मामीच्या ओळी वाचल्या. तू काय लपवतोयस ते मला कळलंय, आणि मला त्याचं वाईट वाटतंय. पण आधी मी काय लपवत होते ते सांगते.

कुरकुर सरकतेय. जानेवारीच्या मध्यापासून ती विहीर सोडून वस्तीकडे निघालीय, रोज वीस मीटर. नऊशे मीटर पुढे आलीय. आज ती तुझ्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे, आणि याच चालीने आली तर शंभर दिवसांत गल्लीखाली असेल. याचा एकच अर्थ साहेब लावतात, की खाली कुठलीतरी भेग थेट तुमच्याकडे जातेय आणि पाणी तिच्यातून वाट काढतंय. पुढे मोठा धक्का बसणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. २३ मार्चला विहिरीवर देखरेख करणाऱ्या समितीपुढे माझा अहवाल आहे. त्यात मी विहीर बंद करा असं लिहिणार. विहीर बंद म्हणजे वाफ बंद, नळ गार, तुझी खोली गार. हे मला तीन आठवडे लिहिता आलं नाही.

आणि तू. गल्लीत धक्के बसतायत, तुला ते जाणवतायत, आणि खोली बंद पडू नये म्हणून तू मला सांगत नाहीस. मी दुसऱ्या कोणाकडून हे ऐकून घेतलं असतं. आई गेल्यावर तू एकदाच म्हणाला होतास, की तुझ्यापाशी तरी मला कधी आडून विचारायला लागणार नाही.

खरं काय ते लिही.

खारू

४ मार्च

खारू,

तुझं पत्र वाचून पहिली गोष्ट काय केली ती सांगतो. गल्लीतल्या सगळ्यांना माझ्या दुकानात बोलावलं आणि त्यातलं सरकण्याचं तेवढं वाचून दाखवलं. माझ्या शब्दावर ते गप्प बसलेत, तेव्हा हे माझ्या खिशात ठेवून चालणार नव्हतं. कोणी आरडाओरडा केला नाही. सुतार माझ्या खोलीकडे बघत राहिला. शिंपीणबाईंनी फक्त एवढंच विचारलं, ‘तिला हे तीन आठवडे माहीत होतं?’ मी हो म्हटलं. त्या उठून गेल्या.

आता खोलीचं. ती माझी आहे, तुझी नाही. तुझ्या अहवालात तिला जागा नाही. बंद करायचं तर एका ओळीत लिहून मोकळी हो. मी शून्यातून एकदा उभा राहिलोय, पुन्हा राहीन. गुडघे तेवढे कुरकुरतील, त्यांना समिती लागत नाही.

आता धक्क्यांचं. मी लपवलेले नाहीत. गेल्या पत्रानंतर दोन जाणवले, २४ फेब्रुवारी आणि परवा, दोन्ही दुपारी. पण खारू, मला एक गोष्ट पटत नाही. लांब पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोणी ठोकलं, की आवाज दोनदा येतो. आधी लोखंडातून, मग हवेतून. मधली जागा ऐकून मी ठोकणारा किती लांब उभा आहे ते सांगतो, सगळे पंपवाले सांगतात. तुझ्या धक्क्याचंही तसंच असणार. आधी टक, मग धप्प. ठोकणारा जवळ येतोय म्हणतेस, तर टक आणि धप्प एकमेकांना चिकटत यायला हवेत. ते येत नाहीत. परवाही मध्ये ‘अरे’ म्हणण्याइतकीच जागा होती, पहिल्या वेळेइतकीच. तुझा ठोकणारा जागचा हललेला नाही. माझे कान समितीपुढे चालणार नाहीत हे मला कळतं. पण तू तरी एकदा ऐक.

आणि मी लपवत होतो ते हे. खोलीच्या दारापुढे रचलेल्या फळ्या भिजू नयेत म्हणून मी पत्रा थोडा पुढे ओढलाय, अंगणावर. तो तुझ्या अळंबीच्या वरून जातो. दहा पावलं काही राहिली नाहीत, चारच असतील. सही करून दिली होती, म्हणून सांगायची लाज वाटली. तुझे प्रश्न आले तेव्हा मला वाटलं, तुला पत्र्याचाच सुगावा लागलाय. नोंदी मिळतायत, म्हणजे अळंबीला काही झालेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. एवढंच होतं. यापेक्षा मोठं काही माझ्या पोटात नाही.

मामा

९ मार्च

मामा,

घाईत लिहितेय, मागे कोणतीही बोटं चालू नाहीत. पत्रा कोणत्या तारखेला टाकलास? नक्की तारीख हवी, अंदाज नको. तो काढू नकोस, मी सांगेपर्यंत तसाच ठेव. गल्लीला अजून काही सांगू नकोस. किंवा सांग. तुला योग्य वाटेल ते कर.

तू म्हणालास तसं मी तुझ्या यंत्राचे जुने कागद काढून टक आणि धप्प यांच्यातली जागा हाताने मोजतेय. साहेब म्हणतात, संगणक असताना पट्टी घेऊन काय बसलीस?

खारू

१२ मार्च

खारू,

१२ जानेवारी, दुपारी तीन ते पाच. सुताराने तारीख भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलीय, कारण त्या दिवशी त्याचा अंगठा ठेचला आणि तो माझ्या नावाने अजून ठणकतो. पत्रा तसाच आहे. गल्लीला सांगितलं, की भाची पुन्हा मोजतेय, आणि अजून काही ठरलेलं नाही.

मामा

१६ मार्च

मामा,

तुझे कान बरोबर होते.

जागा हललेली नाही. जानेवारीत जेवढी, तेवढीच मार्चमध्ये. कुरकुर विहिरीपाशीच आहे, पहिल्या दिवशी होती तिथेच.

आता ती अळंबी कशासाठी ते सांगते, जे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ती नोंदी पाठवत नाही, त्या तारेने येतात. ती आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ घेते आणि यंत्राचं घड्याळ बरोबर ठेवते. तू पत्रा ओढलास आणि तिला आकाश दिसेनासं झालं. तेव्हापासून यंत्र आपल्या मनाच्या घड्याळावर चाललंय, आणि ते रोज सेकंदाच्या दोनशेव्या भागाने मागे पडतंय. पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी कमी वेळ. पण घड्याळ मागे, म्हणून प्रत्येक धक्का तुझ्याकडे जरा लवकर पोहोचल्यासारखा दिसायचा, आणि लवकर पोहोचला म्हणजे जवळून आला, असं आमचं गणित. रोज वीस मीटर. टक आणि धप्प मात्र दोन्ही त्याच चुकलेल्या घड्याळावर, म्हणून त्यांच्यातली जागा बरोबर राहिली. खरं तर मला वेगावरूनच शंका यायला हवी होती. पाणी खडकात पुढे जाताना दमतं, मंदावतं. हे पहिल्या दिवसापासून एका चालीने येत होतं, कामावर जाणाऱ्या माणसासारखं.

यंत्राने हे सांगितलं नाही असं नाही. १२ जानेवारीला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्याने ‘वेळ सापडत नाही’ अशी तक्रार केली, आणि मग रोज करत राहिलं. त्या सगळ्या तक्रारी मी केलेल्या कप्प्यात पडून आहेत. दोन महिने मी तो कप्पा उघडलाच नाही. काल उघडला.

तू सहा पावलं पुढे आलास, पण दार मी बंद केलं होतं. पत्रा आता काढ. एका बाजूने काढलास तरी चालेल, अळंबीवर आकाश आलं म्हणजे झालं.

साहेब चांगले आहेत. म्हणाले, अहवालात ‘तांत्रिक बिघाड’ लिही, कोणी खोदून विचारणार नाही. मी अजून काही लिहिलेलं नाही.

खारू

१९ मार्च

खारूताई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पत्रा काढला. सुतार खालून सांगत होता, हळू, आणि मी वरून सांगत होतो, तू तुझा अंगठा सांभाळ. गल्लीला सगळं सांगितलं. अर्धा तास माझी यथेच्छ टिंगल झाली, ती सगळी लिहिली तर टपालाचा खर्च वाढेल. पण लोक हसले, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदाच हसले.

सोबत एक कागद जोडलाय, समितीला द्यायला. माझ्या सहीचा. त्यात लिहिलंय, की भाचीने मला दोनदा फोन करून पत्रा काढायला बजावलं होतं आणि मी ऐकलं नाही. दोष सगळा माझा. मला ते काय करणार आहेत? माझं यंत्र काढून नेतील फार तर. तुझी नोकरी मात्र नवी आहे. पाच सासवांतली एकही तुझ्या बाजूने बोलणार नाही, तेव्हा मामाने बोललेलं बरं. भाषा शुद्ध आहे, मामीने तपासलीय. ती मला म्हणाली, पाठवू नका. मी म्हटलं, पाठवतो, द्यायचं की नाही ते खारू ठरवेल.

मामा

२६ मार्च

मामा,

तुझा कागद मी दिला नाही. असे फोन मी केलेच नव्हते. आणि केले असते तर तू ते ऐकले असतेस, हे मला आणि मामीला दोघींना माहीत आहे. तो मी जपून ठेवलाय. साहेबांनाही दाखवला नाही.

समितीच्या अध्यक्षबाई फार कमी बोलतात. मी सगळं क्रमाने सांगितलं. घड्याळ, पत्रा, कप्पा, पट्टीने मोजलेली जागा. त्यांनी एकच विचारलं, ‘तक्रारींचा कप्पा कोणी केला?’ मी म्हटलं, मी. त्यांनी लिहून घेतलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

निकाल असा. विहीर चालू राहील. वस्तीच्या बाजूला एकाच्या जागी दोन यंत्रं बसतील, म्हणजे एक चुकलं तर दुसरं त्याला पकडेल. सहा महिने माझ्या प्रत्येक अहवालावर माझ्यासोबत आणखी एकाची सही लागेल. मला हे वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. बरंच वाटतंय.

एक अट मात्र आहे. गल्लीची परवानगी नव्याने हवी. एवढा गोंधळ झाल्यावर लोक नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे, आणि वस्तीच्या बाजूला यंत्र नसेल तर विहीर बंद करावी लागेल. त्यामुळे मी येतेय. पाच एप्रिलला दुपारी सगळ्यांना बोलाव. तू माझ्या वतीने काही बोलायचं नाहीस, एक शब्दही नाही. मामीला सांग, तुझ्या शेजारी बसायला.

खारू

९ एप्रिल

खारूताई,

तू गेलीस त्याला चार दिवस झाले. तू उभी होतीस तिथून तुला सगळं दिसलं नसेल, म्हणून मी पाहिलं तसं लिहितो.

दुकानात माणसं मावेनात म्हणून सगळे लाकडाच्या खोलीत बसले, फळ्यांवर, दाराच्या उंबऱ्यावर. मामीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. तू बोलायला लागलीस, आणि पहिली दोन वाक्यं तुझा आवाज पातळ होता. कप्प्याचं सांगायला लागलीस तेव्हा तो जागेवर आला. लोकांना गणित फार कळलं असेल असं नाही. पण ‘मी उघडला नाही’ हे सगळ्यांना कळलं. ‘बिघाड झाला’ म्हणाली असतीस तर सुतार अजून प्रश्न विचारत बसला असता.

मग शिंपीणबाई उठल्या. मला वाटलं, आता पत्र्यावरून माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी पत्र्याचं नावही काढलं नाही. तुझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘चूक झाली ते कळलं. माझ्या हातूनही बाह्या उलट्या लागतात. पण तीन आठवडे तुला वाटत होतं की हे आमच्याकडे येतंय, आणि तू आम्हाला दारं नीट बसतात का विचारत होतीस. पुन्हा असं काही दिसलं तर आधी तपासशील, का आधी सांगशील?’

साहेबांच्या खुर्चीतून बघितलं तर आधी तपासायचं, हे मलाही कळतं. उगाच घबराट नको. मी तोंड उघडणार होतो, पण मामीची पकड घट्ट होती.

‘आधी सांगेन,’ तू म्हणालीस. ‘आणि सांगताना हेही सांगेन, की अजून तपासलेलं नाही.’

शिंपीणबाईंनी तुझ्याकडे जरा वेळ बघितलं, गिऱ्हाइकाला माप घेण्याआधी बघतात तसं. ‘मग बसवा दोन्ही यंत्रं,’ एवढंच म्हणाल्या आणि सहीला पेन मागितलं.

त्यांच्यामागे सुतार, मग एकेक करत सगळे. माझी सही सगळ्यांत खाली आहे. मानाचा प्रश्न नव्हता, पेन माझं होतं, ते परत मिळायला हवं होतं, आणि गल्ली माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

मामा